तुटलेल्या फितीचा अर्थ

त्या उन्हाळ्यात मी वडवणीत इंग्रजी पिक्चरचा अर्थ सांगायचे. आज कुणाला हे सांगितलं तर आधी हसतात आणि मग विचारतात, अर्थ सांगायचा म्हणजे काय करायचं? श्रावणात देवळात पोथी लागते तेव्हा एक जण ओवी वाचतो आणि दुसरा तिचा अर्थ सांगतो, तसंच. वाचणारे पुष्कळ मिळतात. अर्थ सांगणारा पंचक्रोशीत एखादाच असतो आणि आमच्या पंचक्रोशीत ते माझे वडील होते. अण्णांचं बाजारात वह्यापुस्तकांचं आणि पूजेच्या सामानाचं लहानसं दुकान होतं. अकरा महिने ते त्या दुकानात गप्प बसायचे आणि सगळं बोलणं श्रावणात बोलून घ्यायचे.

अर्थ सांगण्याचे त्यांचे दोन नियम होते. एक, अर्थ सांगणाऱ्यानं 'मला माहीत नाही' असं कधी म्हणायचं नाही, ऐकणारा उठून जातो. दुसरा, एकदा बसलं की अध्याय संपेपर्यंत उठायचं नाही. एकदा अध्याय ऐन रंगात असताना कुत्र्यानं त्यांची एक चप्पल उचलून नेली. त्यांना समोर दिसत होतं. त्यांनी अध्याय संपवला आणि राहिलेली चप्पल हातात धरून अनवाणी घरी आले. आईनं त्यावरून त्यांना महिनाभर छळलं होतं.

आदल्या श्रावणात आई गेली. आमच्या मागच्या दारी सरपणाचा ढीग होता. सरपणात हात घालायच्या आधी त्यावर काठी आपटायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यासाठी दाराच्या कोपऱ्यात एक काठी कायम उभी असायची. मला हे आईनंच शिकवलं होतं, पाठीत दोन धपाटे घालून. त्या दिवशी ती स्वतःच विसरली आणि तिला साप चावला. मी बीडला कॉलेजात होते. अण्णा दोन कोसांवरच्या महादेवाच्या देवळात अर्थ सांगायला गेले होते. शेजारी निवृत्त जमादार राहायचे, आम्ही त्यांना जमादार काका म्हणायचो. त्यांनी सायकल काढली आणि ते अण्णांना बोलवायला गेले. गल्लीतल्यांनी स्टँडवरून जीप आणून दारात उभी केली होती, पण घरचा माणूस आल्याशिवाय बाईला बीडला न्यायचं कसं, म्हणून सगळे थांबले. अण्णा आले, मग जीप निघाली. अर्ध्या वाटेत आई गेली.

जमादार काका भेटेल त्याला सांगत सुटले, सायकल वाटेत पंक्चर झाली, चालत जावं लागलं, निरोप द्यायला उशीर झाला. अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला. जमादार काकांच्या सायकलीमुळे माझी आई गेली होती. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते समोरून आले की मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जायचे आणि त्यांना ते दिसेल याची काळजी घ्यायचे.

आईला माती दिली तेव्हा मला रडू आलं नाही. नंतरही आलं नाही. दात काढायला इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपलाच असून आपला नसतो, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. कॉलेजात गेले, परीक्षा दिली, पास झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तर घर तसंच होतं. स्वयंपाक स्टोव्हवर व्हायचा. सरपणाचा तो ढीग कुणीच हलवला नव्हता, काठीही कोपऱ्यात तशीच होती. अण्णा सकाळी दुकानात जायचे, संध्याकाळी यायचे. देवळातली मंडळी दोनदा येऊन विचारून गेली, औंदा श्रावणात येणार ना? अण्णा 'बघू' म्हणाले. आम्ही दोघं एका घरात राहायचो आणि भाजीत मीठ कमी आहे की जास्त, एवढंच बोलायचो.

आईच्या माहेरगावचे एक गृहस्थ वडवणीत व्हिडिओ हॉल चालवायचे. मी त्यांना मामा म्हणायचे. कापसाचं जुनं गोदाम, वर पत्रे, समोर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर, बसायला सतरंज्या आणि मागे चार बाकडी, असा तो हॉल. ते दिवस सगळंच नव्यानं सुरू होण्याचे होते. स्टँडवर पिवळ्या पाटीचा टेलिफोन बूथ निघाला होता, पेपरात रोज देशाचे दरवाजे उघडल्याचं छापून यायचं आणि आमच्या गल्लीत केबलची काळी वायर या पत्र्यावरून त्या पत्र्यावर गेली होती. केबलवर हिंदी पिक्चर घरबसल्या दिसायला लागल्यावर मामांच्या गोदामात कोण तडफडायला जाणार? म्हणून मामांनी डोकं लढवलं. केबलवर दाखवत नाहीत ते आपण दाखवू. औरंगाबादहून त्यांनी एक इंग्रजी कॅसेट आणली. पहिल्या दिवशी लोक आले, अर्धा तास बसले आणि काही समजेना म्हणून मामांना शिव्या देत उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मामा आमच्या ओट्यावर येऊन बसले. "तुझे वडील पोथीचा आर्थ सांगतेत. तू इंग्रजी शिकायलीस. तू पिच्चरचा सांग."

मी हो म्हटलं. हौस नव्हती, कीवही आली नव्हती. नाही म्हणायला काही तरी वाटावं लागतं, आणि मला काही वाटत नव्हतं. बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं म्हणजे गाइड पाठ करून पास होत होते. त्या टीव्हीतली माणसं तोंडात सुपारी धरल्यासारखी बोलायची. चार वाक्यांतलं एक मला कळायचं. पण अण्णांचा नियम माझ्या अंगवळणी पडलेला होता. माहीत नाही म्हणायचं नाही.

पिक्चर असा होता. एक मोठं शहर, तिथं कायम रात्र आणि कायम पाऊस. दिवसा एक श्रीमंत माणूस गिरणीचा मालक म्हणून वावरतो आणि रात्री काळा लांब झगा नि कातड्याचा मुखवटा घालून गुंडांना बडवत हिंडतो. छतावरून छतावर उड्या मारतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं आणि कुणी धन्यवादही देत नाही. तो हसत नाही. एक बाई त्याच्यावर जीव टाकते. गुंडांचा म्होरक्या तिला जुन्या पाणचक्कीत कोंडतो. इकडे गिरणीमालकाच्या बंगल्यावर मेजवानी चाललेली असते, तो उभा राहून पाहुण्यांपुढे भाषण करत असतो, आणि त्याचा म्हातारा नोकर निरोपाची चिठ्ठी घेऊन पावसातून दारापर्यंत येतो. इथं फीत तुटली होती. पहिल्याच दिवशी व्हीसीआरनं तेवढी फीत खाल्ली, मामांनी ब्लेडनं कापून चिकटपट्टीनं जोडली. जोडावर पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचं थोडं बर्फ पडायचं आणि एकदम दिसायचं ते पाणचक्की, पाऊस, आणि मेलेल्या बाईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला मुखवटेवाला. मध्ये मिनिटभर काय झालं ते वडवणीत कुणीच पाहिलं नाही.

पुढं तो पिक्चर जगात फार मोठा मानला गेला असं मी वाचलं. शहाणीसुरती माणसं त्यावर अजून भांडतात, कुणी त्याला डोक्यावर घेतं, कुणाला तो नुसता अंधार वाटतो. मला तो मधला तुकडा बघायची संधी नंतर कितीदा तरी आली. मी बघितला नाही.

मामांनी लग्नाच्या मंडपातला माइक आणून दिला. मी टीव्हीच्या बाजूला स्टुलावर बसायचे. टीव्हीत कुणी बोललं की मामा आवाज बारीक करायचे आणि मी अर्थ सांगायचे. दुपारच्या दोनच्या खेळाला पत्रे तापलेले असायचे, कूलरला गवताचा वास यायचा. मुलगी अर्थ सांगते म्हटल्यावर बायकाही यायला लागल्या आणि डाव्या हाताची सतरंजी त्यांची झाली. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीनं दारात चपला काढल्या. तिचं बघून मागच्यांनी काढल्या आणि त्या दिवसापासून चपला घालून आत येणाऱ्याकडे लोक वाईट नजरेनं बघायला लागले. मी वाक्य संपवलं की ती म्हातारी पोथीत म्हणतात तसं 'हूं' म्हणायची. हळूहळू सगळा हॉल हूं म्हणायला लागला. टीव्हीत एक जण दुसऱ्याला गच्चीवरून खाली फेकायचा आणि दीडशे माणसं म्हणायची, हूं.

मतं मात्र एकाची दुसऱ्याशी जुळतील तर शपथ. त्या म्हातारीच्या मते मुखवटेवाला म्हणजे शनी होता. काळा, अंधारात फिरणारा, ज्याच्या मागे लागेल त्याचं वाटोळं करणारा आणि ज्याच्यावर प्रसन्न होईल त्याचंही फारसं भलं न करणारा, म्हणजे दुसरं कोण? शनिवारी तिनं टीव्हीपुढं पणतीभर तेल आणून ठेवलं. टीव्हीत पडलं तर भडका होईल म्हणून मामांनी ते गुपचूप उचललं आणि दाराच्या बिजागरीला घातलं.

सलूनवाल्याला सगळ्या पिक्चरमध्ये पाऊसच तेवढा आवडला होता. "बारा महिने पाऊस, आन् एक बी शेत न्हाई. कुनाच्या कामाचा हाय बे ह्यो पाऊस?" असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून विचारायचा, आणि त्यामुळे कुणी वाद घालायचं नाही.

मला शाळेत शिकवलेले सर दोनदा आले. बौद्धवाड्याजवळ त्यांचं घर होतं, बाहेरच्या खोलीत भिंतभर पुस्तकं. त्यांना पिक्चर मुळीच पटला नव्हता. "तोंड झाकून न्याय होत नसतो," ते मला म्हणाले. "न्याय देणाऱ्याचं तोंड दिसायला पाहिजे. त्याला विचारता आलं पाहिजे, असं का केलंस म्हणून. उद्या हा मुखवटेवाला आपल्या वस्तीत शिरला तर त्याला कुणी विचारायचं?" मी म्हटलं, सर, तो चांगला आहे. ते म्हणाले, "ते तू सांगतेस म्हणून. तू माइक खाली ठेव, मग बघ तो कसा दिसतो." हे मला त्या वेळी लागलं नाही. मला काहीच लागत नव्हतं. रागावलेल्या माणसाचं तोंड हलताना दिसायचं, तेवढंच.

सगळ्यात जोराचं भांडण त्या तुटलेल्या मिनिटावरून होतं, आणि त्याला कारण मीच होते. पहिल्या दिवशी मी सांगितलं, मुखवटेवाला निघाला पण पूल वाहून गेला होता, म्हणून उशीर झाला. दुसऱ्या दिवशी पुलाचं विसरले आणि सांगितलं, तो वेळेवर पोचला पण बाईनं आधीच पाण्यात उडी घेतली होती. तिसऱ्या दिवशी म्होरक्यानं त्याला खोटा पत्ता दिला होता. मला कंटाळा आला होता म्हणून मी काहीही ठोकून द्यायचे. पण लोकांना वाटलं पिक्चरच रोज वेगळा आहे. स्टँडवर, चहाच्या हाटेलात, आठवडी बाजारात जुंपायची. एक म्हणायचा पूल, दुसरा म्हणायचा बाईची चूक, तिसरा म्हणायचा तुमी दोघं झोपला व्हता. खरं काय ते बघायला तिघेही परत यायचे. आज काय अर्थ निघतो म्हणून माणसं सिरसाळ्याहून एस.टी.नं यायला लागली. मामा खूश होते. मला म्हणाले, "ती फीत तुटली तेच झ्याक झालं बघ." 

जमादार काकाही यायचे. रोज यायचे. पुढच्या रांगेत, मांडी घालून, टोपी गुडघ्यावर ठेवून. मी त्यांच्या डोक्यावरून मागच्या बाकड्यांकडे बघून अर्थ सांगायचे. भांडणात त्यांचं मत ठरलेलं असायचं आणि ते मला मामांकडून कळायचं. "उशीर झाला त्येला. रस्ता लांब व्हता. मानूस काय करनार?" एवढंच. कुणी काहीही म्हणो, त्यांचं आपलं, रस्ता लांब व्हता. हे ऐकून माझ्या त्या बधिर अंगात पहिल्यांदा काही तरी हललं आणि तो राग होता. हा माणूस त्या पिक्चरच्या आडून स्वतःची वकिली करतोय असं मला वाटलं. रोज माझ्यासमोर बसून, माझ्याच तोंडून उशीर झाला, उशीर झाला हे ऐकून घरी शांत झोपतो. आठवडाभर मी तो राग जपला. सांगायला लाज वाटते, पण त्यानं बरं वाटायचं. निदान काही तरी वाटायचं.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी हॉल भरलेला होता. बाजारचा दिवस होता. बायकांची सतरंजी दारापर्यंत गेली होती आणि मागे माणसं उभी होती. म्हातारा नोकर चिठ्ठी घेऊन पावसातून दाराशी आला. पडद्यावर बर्फ पडलं. मी माइक तोंडाशी धरला आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा जमादार काकांच्या डोळ्यांत बघून बोलले.

"ह्या मिनिटात काय झालं ते आज मी खरं सांगते. चूक मुखवटेवाल्याची नाही. चूक निरोप्याची आहे. त्याच्या हातात एक जीव दिला होता आणि तो वाटेत रेंगाळला. का रेंगाळला विचारलं तर म्हणतो, गाडी पंक्चर झाली."

कुणी हूं म्हणालं नाही. वडवणी केवढीशी, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. जमादार काकांनी गुडघ्यावरची टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि परत काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांनी मान खाली घातली नाही. ते माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या बघण्यात राग नव्हता, त्यामुळे मला अजून बोलावंसं वाटलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"न्हाई."

मी वर बघितलं. चपलांच्या ढिगाशेजारी अण्णा उभे होते. ते हॉलवर कधीच आले नव्हते. दुकानात येणारा प्रत्येक जण त्यांच्या लेकीच्या अर्थावरून भांडत होता, म्हणून ऐकायला आले असावेत.

"निरोप वेळेवर आलता," अण्णा म्हणाले. "पंक्चर न्हाई न् काय न्हाई. म्हातारा घामाघूम होऊन दारात उभा ऱ्हायला. ह्यानं त्येला बघितलं. बघून हात केला, थांब म्हणून."

त्यांनी उजवा हात छातीपर्यंत उचलला, तळवा समोर करून. तो हात मी लहानपणापासून ओळखत होते. अध्याय चालू असताना मध्येच कुणी बोललं की अण्णा तोच हात करायचे.

"थोडंच ऱ्हायलं व्हतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज पोथीतला होता, सरळ, मागच्याला ऐकू जाईल असा. "म्हनला, हातातलं संपवतो आन् उठतो. मधी उठायचं नसतंय."

"मंग?" सलूनवाल्यानं विचारलं. त्याला वाटलं पिक्चरचा अर्थ चाललाय. बहुतेकांना तसंच वाटलं असेल.

"मंग काय. संपवलं. मंग उठला."

"हूं," म्हातारी म्हणाली.

जमादार काका अर्धवट उठले. "अण्णा, बसा तुमी. पिच्चर हाय त्यो. बसा." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "तू आयकू नको."

पण मी ऐकलं होतं. माझ्या डोक्यात ते आपोआप जागच्या जागी जाऊन बसलं. देवळातला दिवा, दारात धापा टाकणारे जमादार काका, वर झालेला तो हात. इकडे आमच्या दारात उभी असलेली जीप. देवळातल्या सगळ्यांना हे दिसलं असणार आणि दहा महिने कुणी एक अक्षर काढलं नव्हतं. जमादार काकांनी सगळा दोष आपल्या सायकलीवर घेतला होता. मी त्यांना रस्त्यात टाळत होते आणि ते रोज सकाळी आमचं दूध आणून ओट्यावर ठेवत होते. मला अण्णांच्या अंगावर धावून जावंसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला वाटलं की आता कळलं. एवढंच वाटलं.

टीव्हीत पाणचक्की आली होती. मुखवटेवाला बाईचं डोकं मांडीवर घेऊन काही तरी म्हणत होता. मामांनी सवयीनं आवाज बारीक केला. अण्णा वळले आणि उन्हात निघून गेले. दारातला उजेड थोडा वेळ मोकळा दिसला, मग उभ्या माणसांनी तो पुन्हा झाकला.

"म्होरं सांग की बाई," बायकांतून कुणीतरी म्हणालं. "काय म्हनतोय त्यो?"

मी माइक उचलला आणि पुढचा अर्थ सांगितला. पिक्चर अजून पाऊण तास राहिला होता. मुखवटेवाल्यानं म्होरक्याला शोधला, त्याला मारला, कुणालाही न सांगता मुखवटा नदीत टाकला आणि दुसऱ्या रात्री नवा घातला. मी एकही वाक्य गाळलं नाही. पाणी प्यायला थांबले नाही. त्या दिवशीचा अर्थ सगळ्यात चांगला झाला असं नंतर बरेच जण म्हणाले. लोक हूं म्हणत राहिले आणि मी सांगत राहिले. जमादार काका तेवढे टीव्हीकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, मी कधी उठते म्हणून.

शेवटची पाटी आल्यावर मी उठले.

बाहेर ते सायकल धरून उभे होते. मी त्यांच्यापाशी गेले. दहा महिन्यांनी पहिल्यांदा गेले होते.

"पंक्चर नव्हती झाली," मी म्हटलं.

"जुनी सायकल हाय," ते म्हणाले. "व्हती कवाकवा." मग म्हणाले, "घरी जा. लवकर जा."

घरी गेले तर अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते. मला बघून विचारलं, "मधीच सोडून आलीस?"

"नाही," मी म्हटलं. "संपवून आले."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं. तोंडातून गेलेलं ते वाक्य मला तेव्हा ऐकू आलं. पाऊण तास मी त्या स्टुलावर बसून काय करत होते, ते तेव्हा कळलं. त्यांनाही कळलं असावं. मग त्यांनी चहा ठेव म्हणून सांगितलं.

मी स्टोव्हला पंप मारला. रॉकेल संपलेलं होतं. डबा हलवून बघितला, त्यातही नव्हतं. "चुलीवर ठेवावा लागेल," मी म्हटलं. अण्णा उठले आणि मागच्या दारी गेले. मी पातेल्यात पाणी ओतत होते. खिडकीतून दिसलं, ते सरपणाच्या ढिगापाशी गेले, खाली वाकले आणि त्यांनी तसाच हात आत घातला. कोपरापर्यंत घातला. काठी दाराच्या कोपऱ्यात होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. लाकूड शोधावं तसा त्यांचा हात हलतही नव्हता. नुसता आत घालून ठेवला होता.

"काठी!" मी ओरडले. "आधी काठी आपटा! अण्णा! हात काढा आधी, हात काढा बाहेर!"

माझ्या हातातलं पातेलं पडलं होतं आणि पायांवर पाणी होतं. मी ओरडतच होते, काठी, काठी, शेजारपाजारचे ओट्यावर आले तरी ओरडत होते, आणि माझा आवाज मला आईसारखा वाटत होता. तोंड ओलं झालं होतं, ते कशानं हे मला जरा वेळानं समजलं.

अण्णांनी हात बाहेर काढला. हाताला नुसती धूळ लागली होती. ते जागेवर उभे राहिले, ओरडा खाल्लेल्या पोरासारखे, आणि म्हणाले, "बरं." मग दारापाशी आले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि ढिगावर आपटायला लागले.